सापडलं खरं, पण विचारलं काय होतं?

शाळेत टीव्ही आहे, चार-दोन टॅब आहेत, कोपऱ्यात इन्व्हर्टरही आहे. आता पोरांना माहिती शोधायला शिकवू, असं मनात घेऊन जे नवे शिक्षणसेवक यवतमाळ-वाशीमकडे, मेळघाटात किंवा थेट गडचिरोलीच्या टोकाला रुजू होत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टॅब चालू करणं, पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या ‘दीक्षा’ ॲपवर स्कॅन करणं तुम्हाला येतं. पोरांना तर तुमच्याआधी येतं. घोडं अडतं ते त्याच्या पुढे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भर वर्गात इंटरनेटच्या भरवशावर धडा उभा करू नका. रेंज खिडकीपाशी दोन काड्या असते, आभाळ आलं की तीही जाते. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला तर दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा दुपारच्या सुट्टीआधी संपतो. आणि मोबाइल टीव्हीला जोडला असेल तर ‘येताना गॅसचं पुस्तक आणा’ हा घरचा निरोप पूर्ण सातवी मोठ्याने वाचते. जोडण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा.

जे दाखवायचं ते आदल्या रात्री उतरवून पेनड्राइव्हवर न्या. इथे एक बारीक खोच आहे. शाळेतले बरेच जुने टीव्ही फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह ओळखतात, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असूनही ‘फाइल फार मोठी’ म्हणून नकार येतो आणि माणूस पेनड्राइव्हलाच शिव्या देतो. व्हिडिओचे तुकडे करा किंवा कमी दर्जाचा उतरवा. ४८० चांगला दिसतो, वर्ग काही सिनेमागृह नाही. फाइल एमपी-फोर, एच-२६४ अशी ठेवा, नाहीतर आवाज येतो आणि चित्र येत नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मोफत मिळतात, ते एकदाच साठवा. किविक्स नावाचं ॲप टाकून मराठी विकिपीडिया टॅबवर उतरवला की रेंज नसतानाही पोरं त्यात शोधू शकतात. हे काम तालुक्याला, चांगल्या वायफायवर, एका बैठकीत उरकून घ्या.

यंत्राचं एवढं पुरे. त्याला लोक उगाच घाबरतात. खरी गोम प्रश्नात आहे.

एक खड्डा असा आहे की त्यात पडलेल्याला आपण पडलोय हे कळतच नाही. मी त्यात बराच काळ होतो, म्हणून जरा लांबण लावतो. कंटाळलात तरी हे वाचा.

समजा, पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, विषय निघाला. एका मुलाने टॅबवर लिहिलं : ‘गुलाबी बोंडअळीवर कडुनिंबाचा अर्क रामबाण उपाय’. खाली दहा दुवे आले, सगळे हो म्हणणारे. ‘सर, सापडलं!’ वर्ग खूश, सरही खूश. प्रत्यक्षात त्याला काहीच सापडलेलं नाही. उत्तर त्याने स्वतःच लिहिलं होतं, गूगलने त्याला साक्षीदार गोळा करून दिले. शोधयंत्र तुमच्या शब्दांशी आणि त्यांच्या अर्थाशी जुळणारी पानं वर आणतं; तुमचं म्हणणं खरं की खोटं याचा निवाडा करायला ते बसलेलं नाही. आणि ‘रामबाण’ हा शब्द लिहितं कोण? औषध विकणारा आणि व्हिडिओ खपवणारा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतला किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला माणूस आपल्या सल्ल्यात ‘रामबाण’ लिहीत नाही. म्हणजे त्या एका विशेषणाने मुलाने शोध सुरू होण्याआधीच जाणकाराला दाराबाहेर उभं केलं.

हे सोडवायचं कसं? टॅब बाजूला ठेवा. वाक्य फळ्यावर लिहा. ज्याबद्दल जाणून घ्यायचं त्या नावाभोवती गोल करा : गुलाबी बोंडअळी. मग स्तुतीचा किंवा निंदेचा शब्द खोडा : रामबाण. मग आपण मनात धरलेलं उत्तर खोडा : कडुनिंबाचा अर्क. जे उरलं त्याला एक साधा कामाचा शब्द जोडा : ‘नियंत्रण’ किंवा ‘व्यवस्थापन’. आता शोधा. आता कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढून घेणारे सापळे, पुढे येतात. नजर ठेवण्यासाठी हेक्टरी ५ लावायचे, आणि सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी ८ पतंग आले की उपायाची वेळ आली असं मानायचं. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी पुढे राखू नका, हा सल्ला येतो. ५ टक्के निंबोळी अर्कही येतो, पण सुरुवातीच्या काळातला अनेकांपैकी एक उपाय म्हणून, कारण अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मुलाचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. ‘अर्धं’ हे त्याला स्वतःला दिसलं, तर त्या दिवशीची तासिका कारणी लागली.

पटत नसेल तर वर्गाचे दोन गट करा. एकाला ‘उन्हाळ्यात अंडी खाण्याचे फायदे’ शोधायला द्या, दुसऱ्याला ‘उन्हाळ्यात अंडी खाण्याचे तोटे’. एकमेकांना चिठ्ठी दाखवायची नाही. दहा मिनिटांत दोन्ही गट पुरावे घेऊन भांडायला उभे राहतात. मग दोन्ही चिठ्ठ्या फळ्यावर शेजारी-शेजारी लावा आणि गप्प बसा. गप्प बसणंच जमत नाही आपल्याला. इथे शिक्षकाने ‘खरं उत्तर असं आहे’ म्हणून तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात. ‘फायदे’ आणि ‘तोटे’ या शब्दांकडे पोरांचं बोट आपणहून जाऊ द्या. पहिल्या वेळी जाणार नाही. दुसऱ्यांदा जातं.

आता टोचणारा भाग. हा खड्डा पोरं खणत नाहीत, आपण खणतो. ‘मोबाइलचे दुष्परिणाम शोधून लिहा.’ ‘प्लास्टिकचे तोटे शोधून या.’ ‘आपल्या गावातील अंधश्रद्धांची माहिती मिळवा.’ फळ्यावरचा आपला गृहपाठच उत्तर आधी सांगून मोकळा होतो. वर्षभर असा गृहपाठ द्यायचा आणि मग ‘मुलं कॉपी-पेस्ट करतात’ म्हणून केंद्र संमेलनात गाऱ्हाणं मांडायचं, हे बरोबर नाही. आपल्या गेल्या महिन्याच्या प्रश्नांची वही उघडा आणि त्यातली अशी विशेषणं लाल पेनने खोडा. वाईट वाटेल. सगळ्यांनाच वाटतं.

एआयच्या चॅटला विचारलंत तर खड्डा आणखी खोल. शोधयंत्र निदान दहा दुवे समोर टाकतं. हे तुमच्या वाक्याला गोड मान डोलावतं, आणि मराठीत स्थानिक माहिती विचारली की नसलेली गावं, नसलेल्या तारखा शुद्ध भाषेत लिहून देतं. वापरू नका असं म्हणत नाही; पण आधी खोडाखोड, मग चॅट.

बोलून टाइप करायला लावणार असाल तर सावध. ‘पाणी कसं येऊन रायलं’ हे वऱ्हाडी वाक्य यंत्राला धड कळत नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचीही तीच गत, आणि कोरकू-गोंडी बोलणाऱ्या लेकराचं तर ते काहीच ऐकत नाही. मूल समजतं की चूक आपलीच आहे. त्याला दोनच शब्द प्रमाण मराठीत बोलायला सांगा, पूर्ण वाक्य नको. लेखनभेदही मुद्दाम शिकवा : वाशीम-वाशिम, बोंडअळी-बोंड अळी. गाडगेबाबांचं जन्मगाव कुठे शेणगाव छापलंय, कुठे शेंडगाव. एका रूपाने मिळालं नाही म्हणून ‘माहितीच नाही’ असं लिहिणारी मुलं पुष्कळ. आणि जुन्या सरकारी पीडीएफमध्ये शोधलेला शब्द समोर दिसत असूनही सापडत नसेल, तर ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली किंवा नुसती स्कॅन केलेली असते. तिथे डोळ्यांनीच वाचावं लागतं.

टॅब नसतील तरी अडत नाही, हे मनापासून सांगतो. माझ्या मते सगळ्यात चांगला पाठ बिनविजेचाच आहे : ‘विदर्भात जिल्हे किती?’ शाळेच्या कपाटातली जुनी पुस्तकं, नकाशे, घरातली जुनी दिनदर्शिका, जे मिळेल ते आणायचं. कुणाला ८ मिळतात, कुणाला ९, कुणाला १०, कुणाला ११. भांडण होतं. मग प्रत्येक पुस्तकाचं छपाईचं साल बघायला लावा. चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, अकोल्यातून वाशीम १ जुलै १९९८ ला, भंडाऱ्यातून गोंदिया १ मे १९९९ ला. चारही उत्तरं आपापल्या साली बरोबर. ‘हे कधीचं आहे?’ हा प्रश्न पोरांच्या तोंडी एकदा बसला की मग मराठी विश्वकोशात जुन्या जनगणनेचा आकडा दिसला तरी ती फसत नाहीत. विश्वकोश चुकीचा नाही, खंड तेव्हाचा आहे, एवढं त्यांना कळतं.

आकड्यांसाठी दुसरं उदाहरण घरचंच आहे. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि ते मोबाइलमोबाइलवर फिरलं. नंतर हवामान खात्याने संवेदक नीट काम करत नव्हता असं सांगितलं. आकडा खरोखर यंत्रावर आला होता, फोटोही खोटा नव्हता. बिघडलं होतं ते मोजणारं यंत्र. शेजारच्या दुसऱ्या केंद्राचा आकडा त्याच वेळी काय होता, हे विचारायला शिकवा.

नोंदीसाठी वही नको, चिठ्ठी करा. ए-फोर कागदाचे चार तुकडे, प्रत्येकावर चार ओळी : मी काय विचारलं, कुठे मिळालं, कोणी लिहिलं, कधीचं आहे. पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि तीच पोरं गाळतात. ‘कुठे मिळालं’ समोर ‘गूगल’ लिहिलेलं असेल तर चिठ्ठी परत. गूगल म्हणजे एसटी स्टँड, गाव नव्हे. ३५ मिनिटांच्या तासिकेत वाक्य खोडायला १०, शोधायला १०, चिठ्ठीला १० आणि पळापळीला ५ असा हिशेब धरा. एका टॅबवर तिघांपेक्षा जास्त नकोत; चौथा खिडकीबाहेर बघतो. पहिल्या महिन्यात चारपैकी दोन ओळी धड आल्या तरी पुष्कळ.

ही चिठ्ठी घरच्या अभ्यासाला देताना मात्र विचार करा. घरात फोन एक, तो बापासोबत वावरात, आणि संध्याकाळी आल्यावर चार्जिंगला. इंटरनेटवरून शोधून आणा, असा गृहपाठ ज्याच्या घरी फोन मोकळा त्याचाच होतो. त्याऐवजी ‘आजीला विचारा, आणि तिला हे कोणी सांगितलं तेही विचारा’ हा गृहपाठ सगळ्यांना जमतो, आणि चिठ्ठी तीच चालते.

या सगळ्यासाठी वेळापत्रकात जागा शोधत असाल तर परिपाठाची पाच मिनिटं घ्या. दिनविशेष रोज ग्रुपवरून उतरवून वाचला जातो, तारखा तपासत कोणी नाही. दिनविशेष वाचणाऱ्याने सोबत चिठ्ठी वाचायची, एवढा एकच नियम लावा. वेगळी तासिका मागायला जाऊ नका, मिळणार नाही.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत जरा कडवट आहे. ‘तंत्रस्नेही’ प्रमाणपत्रांची फाइल जाड असलेल्या माणसाकडून ॲपची नावं शिका, शिकवणं नको. ग्रुपवर आलेली तयार पीपीटी वापरली की पहिल्या आठवड्यात वेळ वाचतो आणि पुढे वर्षभर तीच पीपीटी तुम्हाला वापरते. त्यापेक्षा गावातल्या कृषी सहायकाला, आशाताईंना अर्धा तास वर्गात बोलवा. ‘तुम्हाला एखादा निरोप खोटा वाटला तर तुम्ही कुणाला विचारता?’ हा एकच प्रश्न विचारा. ही माणसं सांगतील तो क्रम, आधी कोण, मग कोण, तुमच्या कुठल्याही प्रशिक्षणात मिळणार नाही.

शेवटी बॅटऱ्या, कारण जूनच्या अखेरीस शाळा उघडल्यावर रडारड याचीच असते. उन्हाळी सुट्टीत पत्र्याच्या खोलीत टॅब पूर्ण चार्ज करून कोंडले की फुगतात. ते साधारण निम्मे चार्ज करून, बंद करून, शाळेतल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. स्लॅबची खोली नसेल तर सही घेऊन कुणाच्या तरी घरी. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं बरोबर उलटं : ती अर्धी ठेवली की मरते. डिस्टिल्ड वॉटर भरा, पूर्ण चार्ज करा, मग इन्व्हर्टर बंद करून निगेटिव्ह वायर काढून ठेवा. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढा, डिशची वायरही, वळवाच्या विजांचा भरवसा नाही. वायरी टांगून ठेवा, जमिनीवर उंदीर कुरतडतात. फुगलेला टॅब दिसला तर चार्जिंगला लावून बघू नका, पिन टोचू नका, पोरांच्या हाती तर देऊच नका. वेगळा ठेवा आणि मुख्याध्यापकांच्या सहीने निर्लेखनाच्या, म्हणजे बाद वस्तूंच्या, यादीत टाका.