मॉडिफाय केलेली गाडी तापते? आधी कधी तापते ते बघा

सिग्नलला किंवा मोंढ्याच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि मोकळा रस्ता लागला की उतरतो, तर दोष हवेचा: फॅन, शराऊड (फॅनभोवतीचं आवरण, जे पूर्ण रेडिएटरमधून हवा ओढायला लावतं), जाळी. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना किंवा हायवेला भरल्या गाडीत तापते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर अपुरा पडतोय. हे ठरल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

इंजिन बदललेल्या गाडीत सेन्सर एका गाडीचा, मीटर दुसरीचं असतं, त्यामुळे काटा खोटं बोलू शकतो. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) हाउसिंगवर काळी टेप चिकटवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर तिच्यावर धरा. उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो.

फॅन पुढे बसवलेला असो की मागे, हवा पुढून इंजिनाकडेच गेली पाहिजे. जाळीसमोर कागद धरा. तो ओढला जायला हवा. बाहेर फेकला गेला तर वायरी उलट्या लागल्यात. मग फॅन चालू ठेवून मोटरच्या टोकांवर मल्टीमीटर लावा. बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि मोटरवर 12 च्या खाली मिळाले, तर वायर बारीक आहे किंवा अर्थिंग कच्चं आहे. रिले आणि फ्यूज वेगळे हवेतच. जागा नाही म्हणून शराऊड काढला असेल, तर फॅन रेडिएटरचा फक्त स्वतःच्या गोलाइतकाच भाग थंड करतो.

नंतर लावलेला इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी), एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटी टॉर्च लावून बघा. मानवत-सेलूच्या पट्ट्यात कापसाच्या हंगामात तिथे तंतू आणि मातीचा थर बसतो, आणि तो पुढून दिसत नाही. पाणी इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने मारा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने फिन्स (रेडिएटरच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला गावोगाव मिळतो. ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत तोच बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाटही बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. शंका असेल तर दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. 82 कोरलेला थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांना उघडू लागतो आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडतो.

रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) दुसऱ्या गाडीचा जोडला असेल तर आतली स्प्रिंग आहे का बघा. ती नसेल तर रेस वाढवल्यावर पंपाच्या ओढीने होज चपटा होतो, आणि आयडलला मात्र अगदी ठणठणीत दिसतो.

बोअरचं पाणी ओतू नका. क्षार बसून रेडिएटरच्या ट्यूबा बुजतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मे-निम्मे घ्या. नुसतं कुलंट भरल्याने गाडी जास्त थंड राहत नाही, उलट उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. रेडिएटरची कॅपही तपासून घ्या: 1 बारची कॅप दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका.

भरताना गाडीचं नाक उंचावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. पुढचे काही दिवस सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा. बाहेर कुठेही ओल नसताना ती उतरत राहिली, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच वरचा होज कडक झाला, तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) संशय घ्या. पाण्यात इंजिनातला जळका वायू येतोय का ते दाखवणाऱ्या लीक टेस्टरचं निळं द्रावण रेडिएटरच्या तोंडावर रंग बदलून पिवळं झालं, की हेड उतरवून पट्टीने सपाटी तपासावी लागते.