हाताने लाटलेल्या तिखट नूडल्स: या चुका टाळा

उकळताना नूडल्सचा लगदा झाला की दोष मैद्याला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा परातीतच असतं: पीठ पोळीच्या कणकेसारखं सैल भिजवलेलं.

२५० ग्रॅम मैदा, पाऊण चमचा मीठ, साधारण ११० मिली पाणी. एवढ्यावर हात आवरा. सुरुवातीला नुसता भुगा दिसतो आणि गोळा होईना म्हणून लगेच तांब्याकडे हात जातो. नका नेऊ. भुगा दाबून एकत्र करा, २० मिनिटं झाकून ठेवा, मग मळा. तेच पीठ पाणी न वाढवता गुळगुळीत होतं. नंतर आणखी अर्धा तास मुरू द्या. न मुरलेलं पीठ लाटलं तसं आखडतं, आपण जोर लावतो आणि पोळी मध्ये पातळ, कडेला जाड होते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात मैदाही कोरडा पडलेला असतो, तेव्हा चमचाभर पाणी जास्त लागेल. पावसाळ्यात तेवढंच कमी.

थोडी कणीक मिसळली तर चालेल, पण पाव हिश्शाहून जास्त नको. कोंड्यामुळे नूडल्स तुटतात. मालदांडीच्या पिठाच्या फंदात पडू नका. ज्वारीत ग्लुटेनच नाही, तिची भाकरीच करावी.

लाटताना पंखा बंद. ४२ अंशांत हे सांगणं जिवावर येतं, पण इथली कोरडी हवा आणि वरून पंखा म्हणजे पाच मिनिटांत पोळीवर पापुद्रा धरतो आणि घडी घालताना ती चिरते. उरलेल्या गोळ्यांवर ओला, घट्ट पिळलेला पंचा टाका. आपला जाडजूड टर्किश टॉवेल नको, तो पाणी धरून ठेवतो आणि पीठ चिकट करतो.

पोळी दोन मिलिमीटरची पुरे, शिजल्यावर ती फुगते. कापण्याआधी निऱ्या घालतो तशी सैल घडी घाला आणि थरांत कॉर्नफ्लोअर भुरभुरा. तिथे मैदा लावला तर तो ओल शोषून खळ होतो. सुरी सरळ खाली दाबा, करवतीसारखी ओढू नका. कापल्याबरोबर उचलून झटका.

मोठ्या पातेल्यात तीन लिटर तरी पाणी खळखळत हवं. फेस वर आला की अर्धी वाटी गार पाणी घाला, असं दोनदा. तीन मिनिटांत एक तोडून बघा: मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्ची आहे. निथळल्यावर तेल लावून ठेवायची सवय मोडा, मसाला घसरून तळाशी बसतो. वाडग्यात मसाला, म्हणजे तिखट तेल आणि सोया सॉस, आधी तयार ठेवा, नूडल्स थेट त्यात.

आता तिखट तेल. सगळ्यात जास्त इथेच बिघडतं. बारीक तिखट कडकडीत तेलात पडलं की क्षणात काळं आणि कडू होतं. जाडसर कुटलेली ब्याडगी घ्या. रंग तिचा, तिखटपणासाठी थोडी लवंगी. तेल चांगलं तापवा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मिरचीचा एक तुकडा टाकून बघा. फसफसून लालच राहिला तर ओता, तेही तीन वेळा थोडंथोडं. शेवटी चमचाभर व्हिनेगर.

गाडीवरची शेजवान चटणी लावून पोट भरतं, पण चीनच्या सिचुआन प्रांतातली जीभ बधिर करणारी झणझण तिच्यात नसते. त्यासाठी तिरफळ घ्या, ते सिचुआन मिरीच्याच वंशातलं आहे. काळी बी काढून टाका, टरफल कोरडं भाजून कुटा. चार-पाच पुरेत.

सिचुआनच्या दान-दान नूडल्सवर पुष्कळदा शेंगदाण्याचा कूट असतो, त्यामुळे आपली शेंगाचटणी इथे छान जमते. फक्त ती गरम तेलात घालू नका, त्यातला लसूण करपतो. वाडग्यात शेवटी वरून पेरा. चटणीत मीठ असतंच, तेव्हा सोया सॉस निम्माच घ्या.

कापलेल्या कच्च्या नूडल्स उरल्या तर कॉर्नफ्लोअर लावून फ्रीझरमध्ये ठेवा. नंतर वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाका.