वर्षातलं एक नाणं: निवडायचं कसं, तपासायचं कसं, वहीत लिहायचं कसं

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच-सहा नाणेवाले शहापुरात एकाच्या घरी जमतो, दोघं बेळगावचे, एक निपाणीचा, एक चिकोडीकडचा, मी खानापूर तालुक्यातला. नियम एकच आहे, प्रत्येकानं वर्षभरात मिळालेलं एकच नाणं आणायचं आणि ते का आवडलं ते सांगायचं. पहिल्या वर्षी मी अख्खा डबाच उचलून नेला, म्हटलं तिथं ठरवू, आणि बोलायची वेळ आली तेव्हा तीन नाण्यांबद्दल मला "हे कुठून आलं" एवढंसुद्धा सांगता येईना. वाईट वाटलं खूप. त्यानंतर जी पद्धत धरली ती इथं लिहितोय, नवीन जमवणाऱ्यांना उपयोगी पडेल.

दिवाळीची कामं आटोपली की एक दुपार मोकळी काढा. स्वच्छ पांढरा पंचा पसरा आणि वर्षभरात आलेलं सगळं त्यावर मांडा, चिठ्ठ्या आणि बिलंसुद्धा. मांडताना किमतीप्रमाणे लावू नका, कशी आली त्याप्रमाणे लावा. विकत घेतलेली एकीकडे, कुणी हातात दिलेली दुसरीकडे, सुट्ट्या पैशात आलेली तिसरीकडे. असं मांडलं की लगेच कळतं की पैसे कुठं गेले आणि आनंद कुठनं आला, आणि माझ्या अनुभवात हे दोन ढीग बहुतेक वेळा वेगळेच निघतात.

आपल्या भागाचं एक वेगळेपण आहे ते आधी सांगतो. पुण्यातल्या नाहीतर बेंगळूरच्या माणसाचा डबा आणि आपला डबा सारखा नसतो. इथं एकाच म्हातारीच्या डब्यात शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा, निघते, पोर्तुगीजांच्या गोव्याचा तांगा निघतो, म्हैसूरचा हत्तीछाप पैसा निघतो आणि वर राणीछाप रुपया, कारण वर कोल्हापूर, खाली धारवाड, पूर्वेला विजापूर, घाट उतरला की गोवा, आणि माल घेऊन जाणारा माणूस जे चालतं ते नाणं घेऊनच परत यायचा. म्हणून इथल्या जमवणाऱ्यानं "हे नाणं कुणाचं" एवढं विचारून थांबू नये, "हे इथं कसं आलं" हेही विचारावं. मी वर्षाचं नाणं याच प्रश्नावर निवडतो.

निवडताना प्रत्येक नाणं हातात घ्या आणि तीन गोष्टी स्वतःला विचारा. ते कुणाच्या हातून आलं मला नक्की माहिती आहे का, त्याच्यामुळं मी काही नवीन शिकलो का, आणि उद्या कुणी दुप्पट पैसे देतो म्हटलं तर माझा हात मागं येईल का. तिन्हीला हो आलं तर तेच तुमचं नाणं, मग ते दहा रुपयाचं असो. दोन नाणी अडली तर ज्याची गोष्ट सांगणारा माणूस जास्त म्हातारा आहे ते निवडा, कारण त्याच्याकडं लवकर जायला पाहिजे.

माझं यंदाचं नाणं म्हणजे पाव तांगा, पोर्तुगीज इंडियाचा, 1886 चा, तांब्याचा. आत्तीच्या देव्हाऱ्यातल्या डब्यात होता, हळदी-कुंकवाचा थर बसलेला, ती दरवर्षी गणपतीखाली तांदळात ठेवायची. मी नुसतं बघायला मागितला तर म्हणाली, "घे की रं, मला काय करायचंय त्याचं, फक्त इकू नको." विकायचा प्रश्नच नाही. पण याच्यामुळं मी बसून वाचलं तेव्हा कळलं की 1878 च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर गोव्याची नाणी ब्रिटिश रुपयाशी जुळवून काढली होती, 1881 चा गोव्याचा रुपया वजनाला आणि चांदीला इकडच्या रुपयासारखाच, त्याचे सोळा तांगे जसे आपल्या रुपयाचे सोळा आणे, एका तांग्याचे 60 रेईस, म्हणून पाव तांगा म्हणजे 15 रेईस. म्हणजे हिशोबात पाव तांगा म्हणजे आपला एक पैसाच! मग तो गोव्याच्या वाटेवरच्या लोंढ्याच्या बाजारात कुणी नाही का म्हणेल. त्यात 1888 ला कॅसलरॉकवरून मुरगावला रेल्वे चालू झाली आणि जाणं-येणं वाढलं. तिचे सासरे रेल्वेच्या कामावर होते असं आत्ती सांगते. आता हा पैसा मला पाठ झालाय.

निवडलं की तपासणी. हे निवडण्याआधी करावं असं काहीजण म्हणतात पण मला तरी जीव लागल्याशिवाय एवढं बारीक बघायचा उत्साह येत नाही. सामान फार लागत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पत्ताराकडं, म्हणजे सोनाराकडं, असतो तसला छोटा डिजिटल काटा, एक चुंबक आणि व्हर्नियर नाहीतर साधी पट्टी. चांदीचा ब्रिटिश रुपया 11.66 ग्रॅमचा, झिजला तर थोडा कमी भरेल पण साडेदहा भरला तर हातातून खाली ठेवा. 1939 पर्यंतच्या रुपयात चांदी 91.7 टक्के, 1940 पासून निम्मी, आणि 1947 चा रुपया तर निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो, म्हणून चिकटला की खोटा असं सरसकट धरू नका, साल बघा. काठावरच्या रेघा सगळीकडनं सारख्या आहेत का आणि मधूनच एखादी शिवण दिसते का हे भिंगातून बघा, ओतीव नकली नाण्याला ती शिवण दिसते आणि अंगावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात.

शिवराईचं वेगळं आहे. तिथं वजन एकसारखं मिळणारच नाही, कारण ती महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकापासून पुढं पेशवाई संपल्यावरसुद्धा काही वर्षं किती तरी टांकसाळीतून पडत राहिली. एका बाजूला तीन ओळीत "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति", पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळं प्रत्येकीवर अर्धीच अक्षरं आलेली असतात. दोन ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असल्या तर ती दुदांडी, ती पेशवाईतली किंवा त्यानंतरची. घाईत "महाराजांच्या हातची" म्हणून विकणारे भेटतात, त्यांना नाणं उलटून दाखवायला सांगा आणि रेघा मोजा. निपाणीच्या मित्रानं यंदा मोडीच्या, म्हणजे भंगाराच्या, दुकानात तांब्याच्या भांड्यांबरोबर किलोवर निघालेल्या पाच शिवराया वाचवल्या, नाहीतर त्या दुसऱ्या दिवशी वितळल्या असत्या. त्यातली एक त्यानं वर्षाचं नाणं म्हणून आणली, तिच्यावर फक्त "राजा" एवढंच वाचता येतं. त्याला कशाशीही बदलायची नाही.

आता जत्रेतल्या नाण्यांबद्दल कळकळीनं सांगतो. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण नाहीतर हनुमान आणि दुसऱ्या बाजूला "ईस्ट इंडिया कंपनी 1818", असली तांब्याची जाड नाणी सगळीकडं मिळतात. कंपनीनं असलं नाणं कधी काढलेलंच नाही. ती देवाचे टोकन म्हणून नंतर बनवलेली आहेत, देव्हाऱ्यात ठेवायला चालतील, पण जुनं नाणं म्हणून पैसे देऊ नका. मी सुरुवातीला एका जत्रेत 400 रुपये मोजले होते, आणि त्या पैशात तेव्हा दोन चांगल्या शिवराया आल्या असत्या हे अजून मनातून जात नाही. तसंच फोनवर "तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका, रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच जाहीर सांगितलंय की बँकेच्या नावानं असलं कुणी सांगत असेल तर ती फसवणूक आहे.

शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाणी सापडली तर गोष्ट वेगळी होते. निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा आहे, पुरलेलं असं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हलशी आपल्याच तालुक्यात आहे, कदंबांची जुनी राजधानी, त्यामुळं आमच्याकडं असल्या गोष्टी ऐकायला मिळतात. हंडा वाटून घेतला की नाणी विखुरली, वितळली, आणि त्या जागेचा इतिहास कायमचा गेला. कळवा.

साफ करायचं का? नाही. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट, काही नको. मी एका 1862 च्या राणीछाप रुपयाला चिंचेनं घासून चकाकी आणली होती, आजोबांकडून आलेला रुपया तो, त्याच्यावरचा दीडशे वर्षांचा काळपट रंग दहा मिनिटात गेला आणि राणीच्या चेहऱ्यावर घासल्याच्या रेघा राहिल्या. तो मी कुणाला दाखवत नाही पण जपून ठेवलाय. फार तर शुद्ध पाण्यात भिजवून माती सुटू द्या आणि मऊ कापडानं टिपून घ्या, घासू नका. आत्तीच्या पाव तांग्यावरचं कुंकू मी तसंच ठेवलंय, माझ्या मते ते त्या नाण्याचाच भाग आहे.

फोटो सकाळी काढा, खिडकीजवळ, उजेड तिरका पडेल असा. फ्लॅश बंद. पुढची बाजू, मागची बाजू, आणि काठ, तीन फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मोबाईल हातात धरू नका, दोन वाट्यांवर टेकवा, हलत नाही.

आणि मग वही. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून माझी नोंद जशीच्या तशी देतो: "पाव तांगा, पोर्तुगीज इंडिया, राजा लुईश पहिला, 1886, तांबं. वजन 6.3 ग्रॅम. चेहरा झिजलेला, साल स्पष्ट, मागच्या बाजूला कुंकू. आत्तीकडून, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, देव्हाऱ्यातल्या पितळी डब्यातून, पैसे दिले नाहीत. आत्ती म्हणते तिच्या लग्नाआधीपासून घरात होता. सासरे रेल्वेत, बहुतेक लोंढ्याला, खात्री करायची." बघा, माहिती पक्की आणि ऐकीव वेगवेगळी लिहिलीय, हे करायला विसरू नका, नाहीतर दहा वर्षांनी तुमचीच ऐकीव गोष्ट तुम्ही छातीठोक सांगायला लागता. विकत घेतलं असेल तर किंमत लिहा, गाव लिहा. नोंदीच्या खाली अर्धं पान रिकामं सोडा.

पोरांना यात घ्यायचं असेल तर खर्च शून्य. त्यांचं वर्षाचं नाणं सुट्ट्या पैशातून निवडायला सांगा. 1999 चा शिवाजी महाराजांचा दोन रुपयाचा ठोकळा अकरा कोनांचा, 2006 चा बसवेश्वरांचा पाच रुपयाचा, दोन्ही आपल्या भागातल्या गल्ल्यात अजून कधीमधी येतात. सालाखालची टांकसाळीची खूण बघायला शिकवा, पत्त्यातल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, काहीच नाही तर कोलकाता. माझ्या पुतणीनं यंदा 1970 चा पितळी वीस पैशाचा कमळवाला निवडला, आजीच्या पोपटी पर्समधून, आणि त्यात सोनं असतं म्हणून लोक ते साठवायचे ही गोष्ट तिनं आजीकडूनच लिहून घेतली. सोनं नसतं त्यात, पण लोक साठवायचे ही गोष्ट खरी आहे.

ठेवायचं कुठं याकडं आपल्याकडं लक्ष द्यावंच लागतं, जून ते सप्टेंबर खानापूरचा पाऊस आणि ओल म्हणजे तांब्याचा शत्रू. मऊ लवचिक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, वर्षा-दोन वर्षात नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, ते वापरा, पिना मारताना नाण्याला लागू देऊ नका, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्याआधी नवीन.

बैठकीत बोलताना किंमत शेवटी सांगा, आधी नाणं सगळ्यांच्या हातात फिरू दे, काठाला धरून, खाली पंचा पसरून. गेल्या वर्षी बेळगावच्या एकानं आझमनगर गोकाकचा मराठ्यांचा चांदीचा रुपया आणला होता, त्यावर नाव मोगल बादशहाचं, लिपी फारसी, आणि मोगलांनी बेळगावला दिलेलं नाव आझमनगर. किंमत आधी सांगितली असती तर सगळे त्यावरच बोलत बसले असते, त्याऐवजी एक तास आम्ही भिंग घेऊन ती अक्षरं शोधत होतो आणि चहा दोनदा गार झाला.

यंदा बैठकीच्या चार दिवस आधी आत्तीचा फोन आला. म्हणाली, आठवलं, सासरे लोंढ्याला नाही, कॅसलरॉकला होते, आणि तो पैसा त्यांना पगारात नाही, गोव्याकडून आलेल्या एका मीठवाल्यानं सुट्टा म्हणून दिलेला. ते मी सोडलेल्या अर्ध्या पानावर लिहिलं, तारीख टाकून, "आत्तीनं फोनवर सांगितलं" असं. अजून चार ओळी शिल्लक आहेत.