हायस्कूलचा इतिहास लिहिताना

तालुक्याच्या गावातील हायस्कूलचा इतिहास लिहायचा असेल, तर आठवणी गोळा करण्याआधी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदवही, उघडावे. पालकांचा व्यवसाय आणि शाळा सोडल्याचे कारण या रकान्यांतून शाळा कोणाच्या उपयोगी पडली, ते उमगते. ‘शेतीकामासाठी’ एवढाच शेरा दिसला की माझे बोट तिथेच थबकते.

शाळा रयत शिक्षण संस्थेची असल्यास लक्षात घ्यावे, की संस्था १९१९ साली काले येथे स्थापन झाली असली, तरी तिचे पहिले हायस्कूल १९४० मध्ये साताऱ्यात निघाले.

रयतचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या २२ सप्टेंबरच्या जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाई आणि लेझीम कोण शिकवी, हे निवृत्त शिपाईमामांना आवर्जून विचारावे, कारण ते सहसा कोणत्याच दप्तरात सापडत नाही.