भिंतीच्या आतलं दाखवताना

टेक्निकल ॲनिमेशनमधलं माझं पहिलं स्वतंत्र काम केमिकल अँकरचं होतं. काँक्रीटमध्ये भोक पाडायचं, त्यात रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारं चिकट रसायन, भरायचं आणि आट्यांचा रॉड फिरवत आत घालायचा. बाहेरून शेवटी रॉडचं टोक तेवढं दिसतं. मी काँक्रीट मधोमध कापलं, रेझिनला छान चकाकी दिली आणि ते भोकाच्या तोंडाकडून आत ओघळताना दाखवलं. इंजिनिअरने दहाव्या सेकंदाला व्हिडिओ थांबवला. "असं भरलं तर हवा आत अडकेल." नोझल तळाशी टेकवायचं आणि भरत भरत मागे घ्यायचं, भोक साधारण दोन तृतीयांश भरलं की पुरे. सगळं डेटाशीटमध्ये छापलेलं होतं. मी ती चित्रांपुरती चाळली होती.

दुसरी चूक कोणी दाखवली नाही, माझी मलाच उशिरा दिसली. माझं भोक आरशासारखं लख्ख होतं. मग आधी फुंकणं, ब्रश मारणं, पुन्हा फुंकणं, ही सगळी खटपट कशासाठी ते बघणाऱ्याला कळणार कसं? धूळ राहिली तर रेझिन काँक्रीटला नाही, धुळीला चिकटतं आणि ताण आला की रॉड सुटतो. म्हणून भोकाच्या आतून राखाडी थर दिला, ब्रशच्या प्रत्येक फेऱ्याला तो सुटताना दाखवला. एक मिनिटाच्या फिल्ममधली अठरा सेकंदं या धुळीने खाल्ली, आणि माझ्या मते तीच कामाची आहेत.

सॉफ्टवेअरची फार चिंता करू नका. ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. फक्त कंपनीकडून येणारी स्टेप फाइल, म्हणजे वस्तूचं इंजिनिअरिंग मॉडेल, त्यात थेट उघडत नाही; फ्रीकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून तिची मेश, म्हणजे पृष्ठभागाची जाळी, करून घ्यावी लागते. शिवाय मेश म्हणजे नुसती कातडी. कापली की आत पोकळ दिसते, म्हणून बूलियनने (एका आकारातून दुसरा वजा करणाऱ्या टूलने) कापा आणि कापलेल्या बाजूला खडीचं वेगळं टेक्स्चर द्या. एकदा काप दाखवला की कॅमेरा शक्यतो हलवू नका; आत कुठे, बाहेर कुठे, यात माणूस हरवतो.

रेझिन घट्ट व्हायला लागणारा वेळही गिळू नका. थंडीत तो वाढतो. बाजूला घड्याळ पळताना दाखवलं तरी चालतं, पण रॉड घातल्या घातल्या नट आवळलेला दिसला तर साइटवरही तसंच होणार.

आता मी आधी राखाडी, बिनप्रकाशाचा कच्चा व्हिडिओ तपासायला पाठवतो. ते अँकरचं काम मी उजेड-सावल्यांसकट रात्रभर रेंडर केलं होतं, म्हणजे कॉम्प्युटरकडून अंतिम चित्रं बनवून घेतली होती. दोनदा.