सायबर संरक्षणात नवे आहात? आधी घड्याळं जुळवा

एसओसीत (कंपनीच्या यंत्रणांवर सतत नजर ठेवणाऱ्या सुरक्षा कक्षात) नुकतेच लागला असाल किंवा लागायच्या बेतात असाल, तर टीसीपी, फायरवॉल, फिशिंग हे तुम्हाला येतं असं मी धरून चालतो. ते शिकवणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते लॉगच्या प्रत्येक ओळीत डावीकडे छापलेल्या वेळेबद्दल. मुलाखतीत त्यावर कोणी विचारत नाही, कोर्सवाले दोन वाक्यांत उरकतात आणि पहिल्या खऱ्या इन्सिडेंटला माणूस नेमका तिथेच आपटतो. मी आपटलो होतो.

आधी थोडं कडू. राष्ट्रीय सुरक्षा, दहशतवादविरोधी लढा, शत्रुराष्ट्राचे हॅकर असलं काही डोक्यात घेऊन या क्षेत्रात आला असाल, तर सुरुवातीचा काळ जड जाईल. एल-वनला, म्हणजे अलर्ट सगळ्यात आधी पाहणाऱ्या पहिल्या पायरीवर, बसलेला माणूस दिवसभर अलर्ट बंद करतो. बहुतेक फुसके असतात. कोणीतरी पासवर्ड विसरलेला असतो, कुठलीतरी बॅकअपची स्क्रिप्ट रात्री धडपडलेली असते. रात्रपाळी असते, झोपेचं खोबरं होतं. हे सगळ्यांनाच सोसत नाही, आणि नाही सोसलं म्हणून कोणी कमअस्सल ठरत नाही.

आता तो सापळा. एका कंपनीत कोणीतरी घुसल्याचा संशय होता आणि टाइमलाइन लावायचं काम माझ्याकडे आलं. क्लाउडच्या लॉगमध्ये एका खात्याचं लॉगिन ०२:१०:५५ ला दिसत होतं. व्हीपीएनच्या लॉगमध्ये त्याच खात्याचं लॉगिन ०७:४०:१२ ला. दोन्ही ओळी एका एक्सेल शीटमध्ये टाकल्या, वेळेनुसार सॉर्ट केलं आणि गोष्ट आपोआप तयार झाली: चोर आधी क्लाउडमध्ये आला, साडेपाच तास आत वावरला, मग व्हीपीएनवरून आतल्या नेटवर्कमध्ये उतरला. रिपोर्ट सुबक झाला. त्यावरून टीमने क्लाउडचे पासवर्ड बदलले, टोकन रद्द केले.

क्लाउडचा लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) होता आणि व्हीपीएनचा भारतीय वेळेत. ०२:१०:५५ यूटीसी म्हणजे आपले सकाळचे ०७:४०:५५. म्हणजे व्हीपीएनचं लॉगिन आधीचं आणि क्लाउडचं त्यानंतर ४३ सेकंदांनी. चोर व्हीपीएनमधूनच आला होता. ते साडेपाच तास कुठे नव्हतेच, आणि आम्ही भलत्याच दाराला कुलूप घालत बसलो होतो. व्हीपीएनचं खातं तोवर सताड उघडं होतं. एका सीनियरने रिपोर्ट वाचून एवढंच विचारलं, "हे साडेपाच तास तुला संशयास्पद नाही वाटले?"

म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो, कंटाळा आला तरी ऐका. दोन लॉगमधला फरक बरोबर साडेपाच तासांचा निघाला, तर चोराचा विचार नंतर करा, आधी टाइमझोन बघा. बरोबर एक तासाचा निघाला, तर ज्या देशातला सर्व्हर आहे तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करतात का ते बघा. तिथे वर्षातून एकदा एक तास लॉगमध्ये दोनदा येतो आणि एकदा एक तास गायबच होतो. तो गायब तास पाहून "लॉग पुसले!" अशी बोंब ठोकणारे मी पाहिलेत. फरक तीन-चार मिनिटांचा आणि वेडावाकडा असेल, तर कुठल्यातरी मशीनचं घड्याळ सरकलंय, तिथे एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी यंत्रणा) चालत नाहीये.

कुठला लॉग कुठल्या वेळेत लिहितो हे पाठ करायला हरकत नाही. विंडोजचा इव्हेंट लॉग साठवला जातो यूटीसीत, पण इव्हेंट व्ह्यूअर तो तुमच्या मशीनच्या वेळेत दाखवतो. त्यामुळे एकच फाइल दोन देशांतल्या दोन जणांनी उघडली तर दोघांना वेगळी वेळ दिसते, आणि दोघेही स्क्रीनशॉट काढून रिपोर्टला जोडतात. विंडोजचा वेब सर्व्हर आयआयएस सहसा यूटीसी लिहितो. अपाची हा दुसरा वेब सर्व्हर स्थानिक वेळ लिहितो, पण शेजारी +०५३० असा फरकही देतो. तो आकडा कापून टाकणारी पार्सिंगची (ओळीचे तुकडे करून रकान्यांत घालणारी) स्क्रिप्ट कोणी दिली तर वापरू नका. लिनक्स आणि नेटवर्क उपकरणांचा जुन्या पद्धतीचा सिसलॉग सगळ्यात वाईट, त्यात टाइमझोन नसतोच, वर्षसुद्धा नसतं. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची नेहमीची फाइलसिस्टिम, वेळ यूटीसीत नोंदवते, पण पेन ड्राइव्ह फॅट या जुन्या फाइलसिस्टिममध्ये फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर स्थानिक वेळ, तीही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने. युनिक्सची वेळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते, दहा आकडी असते. तेरा आकडे दिसले तर ते मिलिसेकंद आहेत. विंडोजची आतली वेळ १ जानेवारी १६०१ पासून सुरू होते. आकडा हास्यास्पद वाटला म्हणजे तो चुकलेला असतोच असं नाही.

वर चोरही वेळेशी खेळतो. फाइलच्या तारखा मागे सरकवणं ही जुनी युक्ती आहे, टाइमस्टॉम्पिंग म्हणतात. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलच्या वेळा दोन ठिकाणी असतात. एक्सप्लोररमध्ये दिसणारा संच बदलणं सोपं, फाइलच्या नावासोबत साठवलेला दुसरा संच बदलणं त्या मानाने अवघड. दोन्ही शेजारी ठेवून बघा. सेकंदांपुढचे सगळे आकडे शून्य असतील तरी कान टवकारा. विंडोजमध्ये ४६१६ हा इव्हेंट दिसला तर मशीनची वेळ बदलली गेलीय आणि ११०२ दिसला तर सिक्युरिटी लॉग पुसलाय. ४६१६ अनेकदा नेहमीच्या सिंकचाच असतो, त्यामुळे लगेच सगळ्यांना उठवू नका.

एवढं पाल्हाळ का लावतोय? कारण पुढे जाऊन याच वेळांवरून देशांवर बोट ठेवलं जातं. फायरआय या सुरक्षा कंपनीने २०१४ मध्ये एपीटी-२८ या हॅकरांच्या गटावर अहवाल काढला. त्यातल्या ८९ टक्क्यांहून जास्त मालवेअर फाइली यूटीसी+४ या वेळेनुसार सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात कंपाइल झालेल्या (कोडपासून तयार केलेल्या) होत्या. मॉस्कोची वेळ तेव्हा तीच होती. तीन-चार तास इकडेतिकडे झाले की आरोपी बदलतो. आणि असा पुरावा पेरताही येतो. २०१८ च्या प्याँगचँग हिवाळी ऑलिंपिकवर हल्ला करणाऱ्या मालवेअरमध्ये उत्तर कोरियाशी जोडलेल्या गटाच्या कोडसारख्या खुणा मुद्दाम ठेवल्या होत्या. पुढे २०२० मध्ये अमेरिकेने त्या प्रकरणात रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केलं.

दहशतवादाच्या तपासात तर माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असतो. तिथे कॉल रेकॉर्ड आणि टॉवरच्या नोंदी येतात, आणि तपासनीसाच्या हातात बहुतेकदा कच्चा डेटा नसतो, कुठल्यातरी सॉफ्टवेअरने रूपांतर केलेला असतो. डेन्मार्कमध्ये २०१९ साली असं रूपांतर करणाऱ्या यंत्रणेतच चूक सापडली. दहा हजारांहून जास्त प्रकरणं पुन्हा तपासायला घ्यावी लागली आणि फोनच्या लोकेशनचा पुरावा म्हणून वापर दोन महिने थांबवला गेला. म्हणून टूलने दिलेला तक्ता तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. कच्च्या फाइलमधल्या दोन-तीन ओळी हाताने जुळवून बघायला पाच मिनिटं लागतात.

शॉर्टकटबद्दल माझं मत एकांगी आहे, माहीत आहे. परीक्षेचे डम्प (फुटलेले प्रश्न-उत्तरं) पाठ करून मिळवलेलं सर्टिफिकेट एचआरचं दार उघडतं, पुढे मुलाखतीत पाच मिनिटांत पितळ उघडं पडतं. "तीस दिवसांत हॅकर व्हा" वाल्यांपेक्षा वर्षभर हेल्पडेस्कवर घासलेला मुलगा मला केव्हाही चालेल, कारण सरळ चालणारं नेटवर्क कसं दिसतं हे त्याने पाहिलेलं असतं. मेंटॉरचंही तेच. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लगेच देणारा गोड माणूस टाळा. "हे तुला कशावरून कळलं?" असं विचारून भंडावणारा खडूस भेटला तर त्याला सोडू नका.

बरं, घाबरवतोय असं वाटत असेल तर दुसरी बाजू. या कामाला अचाट बुद्धी लागत नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीत लपवलेलं मागचं दार आंद्रेस फ्रॉइंड यांनी पकडलं. ते डेटाबेसवर काम करणारे इंजिनिअर होते. एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनवर जायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. २०२० चं सोलरविंड्स प्रकरण, म्हणजे त्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमधूनच झालेली घुसखोरी, उघड झालं त्यात फायरआयच्या सुरक्षा टीमने एका कर्मचाऱ्याला केलेल्या चौकशीचा मोठा वाटा होता: तुझ्या खात्यावर दुसरा फोन नोंदवलाय, तो तुझाच का? तो म्हणाला, नाही. असा अलर्ट एल-वनवाला दिवसात कितीतरी वेळा "युजरने फोन बदलला असेल" म्हणून बंद करतो.

त्याच प्रकरणाने लॉग किती दिवस ठेवायचे याचाही धडा दिला. दूषित अपडेट मार्चपासून वाटली जात होती, पत्ता लागला डिसेंबरमध्ये. ज्यांचे लॉग तीस दिवसांत उडत होते त्यांच्याकडे पाहायलाच काही उरलं नव्हतं. भारतात सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग, सहा तासांत इन्सिडेंटची माहिती आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या, एनटीपी सर्व्हरशी जुळवणं सक्तीचं केलं. लॉग आणि सहा तासांवरून तेव्हा बराच गदारोळ झाला, घड्याळाच्या कलमाकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं.

सरावासाठी पैसे घालवू नका. दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, एक विंडोज, एक लिनक्स. एकीचा टाइमझोन न्यूयॉर्कचा ठेवा, दुसरीचा यूटीसी, आणि एकीचं घड्याळ मुद्दाम सात मिनिटं पुढे करा. एकीवरून दुसरीवर लॉगिन करा, दोन-चार वेळा पासवर्ड चुकवा, एखादी फाइल हलवा, तिची तारीख बदला. दोन दिवस थांबा म्हणजे नेमकं काय केलं ते विसराल. मग फक्त लॉग घेऊन टाइमलाइन लावा: पहिल्या रकान्यात वेळ जशीच्या तशी, दुसऱ्यात त्या स्रोताचा टाइमझोन, तिसऱ्यात घड्याळाची चूक, चौथ्यात यूटीसी. सॉर्ट करायचं ते फक्त चौथ्या रकान्यावर. दुसरा रकाना ज्या ओळीत भरता येत नाही ती ओळ टाइमलाइनमध्ये घालू नका, खाली वेगळी ठेवा आणि शेजारी "झोन अनिश्चित" असं लिहा. रिपोर्ट घाईचा असला तरी.