संयुक्त उपासना ठरवताना आधी मेजाचं बोला

मुंबईत एकाच वस्तीत मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि पेंटेकॉस्टल अशा तीन मराठी मंडळ्या सहज सापडतात. 18 ते 25 जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहात त्यांना एक संध्याकाळ एकत्र घ्यायची असेल, तर पाळकांनी दीड महिना आधी बसावं. गाणी नंतर ठरवा, आधी प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या मेजाचं ठरवा.

मेथडिस्ट मेज खुलं असतं. पश्चात्तापी मनाने येणाऱ्याला तो कोणत्या मंडळीचा, हे विचारत नाहीत. कॅथलिक शेजारी मात्र त्यांच्या शिस्तीप्रमाणे त्यात भाग घेत नाहीत. त्यांना बोलावलं असेल तर त्या दिवशी वचन, प्रार्थना आणि गायन एवढंच ठेवा. नाहीतर सगळे उठून पुढे जातात, एक कुटुंब बाकावर बसून राहतं आणि पुढच्या वर्षी येत नाही.

मेज मांडायचंच ठरलं तर मेथडिस्ट रीतीचा न आंबवलेला द्राक्षरस घ्या, म्हणजे दारू सोडलेल्या माणसालाही निर्धास्त पेला घेता येतो. प्रत्येकी दहा मिलिलिटर धरून 60 पेल्यांना 600 मिली लागतो. सांडलवंड धरून 750 आणा. ताजा रस रात्रभर बाहेर राहिला की मुंबईच्या दमट हवेत फसफसतो, म्हणून तो फ्रिजमध्येच ठेवा. पेल्या तोटीच्या भांड्याने, काठाखाली जागा सोडून भरा. ट्रे हातोहात जाताना काठोकाठ भरलेली पेली पांढऱ्या साडीवर हमखास सांडते.

खरं भांडण बाप्तिस्म्यावरून पेटतं. बाळपणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा मेथडिस्ट आणि सीएनआय पुरा मानतात, पुन्हा देत नाहीत. पेंटेकॉस्टल पाळक समजत्या वयात, बुडवून घेतलेलाच धरतात. हे एका बैठकीत मिटणार नाही. तिघांनी दोनच गोष्टी लिहून सही करावी: व्यासपीठावरून दुसऱ्याचा बाप्तिस्मा खोटा म्हणायचा नाही, आणि दुसऱ्या मंडळीतलं माणूस बाप्तिस्मा मागायला आलं तर आधी त्याच्या पाळकांना फोन करायचा. हे राहून गेलं की सासू एका मंडळीत, सून दुसरीत, आणि घरातली संध्याकाळची प्रार्थना बंद पडते.

वडीलधारे 1970चा विषय काढतीलच. त्या वर्षी नागपुरात अनेक मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली, तेव्हा अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले. ऐकून घ्या, निवाडा करू नका.

संदेशाला बायबलमधलं 2 राजे 10:15 घ्या. मतं वेगळी असतानाही हात कसा द्यावा, हे सांगायला मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्लींनी हेच वचन घेतलं होतं.

दानार्पण कशासाठी, हे आधीच जाहीर करा. प्रत्येक मंडळीचा एक जण मोजायला बसवा आणि आकडा त्याच संध्याकाळी, आशीर्वचनाआधी वाचा.